कळते, पण ताबा नाही

खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मनाचा विषय निघाला की आपले न्यायालय एकच गोष्ट तपासते: मनोविकारामुळे, त्या क्षणी, आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे कळण्यास तो असमर्थ होता का? 1860 च्या दंडसंहितेचे कलम 84 हेच विचारत होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 22 तेच विचारते. कसोटी मुळात 1843 च्या इंग्लंडची, मॅक्‌नॉटन खटल्यातली. असमर्थ होता असे ठरले तर गुन्हाच नाही. नाही ठरले तर पुरता खून, आणि खुनाला जन्मठेपेहून कमी शिक्षा नाही. ज्याला कळत होते, पण आजाराने ज्याचा स्वतःवरचा ताबाच सुटला होता, त्याच्यासाठी मध्ये काहीच नाही. इंग्लंडने 1957 साली ती मधली पायरी बांधली: अंशतः जबाबदारी, म्हणून खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. आपल्यालाही ती बांधावी लागेल, असे माझे ठाम मत आहे.

पुण्यातला 25 जानेवारी 2012 चा प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. संतोष माने या एसटी चालकाने स्वारगेटहून बस पळवली आणि नऊ माणसे मारली. त्याच्यावर उपचार केलेले सोलापूरचे मनोविकारतज्ज्ञ साक्षीला आले, पण वेडाचा बचाव टिकला नाही. अखेर जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. आता पाहा, आरोपीच्या मानसिक दुर्बलतेला शिक्षेच्या टप्प्यावर वजन द्यावे, हे 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून मान्य आहे. म्हणजे डॉक्टरांची साक्ष उपयोगी पडायची तर आधी फाशीचा प्रश्न उभा राहावा लागतो. फाशी मागितलीच नसेल, तर तीच साक्ष न्यायाधीशाने ठेवायची कुठे?

याउलट भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 2002 चा निकाल. पत्नीला वाटणाच्या दगडाने मारणारा पोलीस शिपाई निर्दोष सुटला. घटनेआधीपासून चाललेले उपचार, वडिलांचा मानसिक आजार, 1994 च्या जून ते डिसेंबर काळात 25 वेळा रुग्णालयात नेल्याची नोंद, दिवसाढवळ्या केलेले कृत्य, पळून न जाणे. हे सारे न्यायालयाने एकत्र पाहिले. तो क्षण कोणत्याच डॉक्टरने पाहिलेला नसतो. त्याच्या आगेमागे काय घडले त्यावरूनच तो उलगडतो. इथे मला आपला मुलूख आठवतो. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर एखादा रात्र-रात्र जागतो, भाकरीत विष घातले म्हणून ताट भिरकावतो. घरचे म्हणतात ‘बाहेरचं आहे’, आणि देवऋष्याचा अंगारा लागतो. मनोरुग्णालय ठाण्याला, नाहीतर रत्नागिरीला. उद्या असा माणूस माणगावच्या सत्र न्यायालयात उभा राहिला, तर त्याच्यापाशी केसपेपर कुठला? म्हणून नुसते कलम पुरणार नाही. आजाराचा पूर्वेतिहास तपासात दिसला, तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून घेणे हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलेच आहे. ती तपासणी अटकेनंतर लगेच व्हावी आणि आई, शेजारी, पोलीस पाटील यांचे जबाब तेव्हाच नोंदवले जावेत. सहा महिन्यांनी गोळ्या घेऊन शांत झालेला माणूस पाहून डॉक्टर तरी काय सांगणार?

कोणी म्हणेल, मग प्रत्येक खुनी दाखला घेऊन येईल. पण बचाव शाबीत करण्याचा भार आरोपीवरच आहे, आणि आजाराचा इतिहास आयत्या वेळी रचता येत नाही. शिवाय आपला कायदा मनाच्या अवस्थेवरून गुन्ह्याची पायरी आजही उतरवतो. गंभीर व अचानक प्रक्षोभ हा अपवाद आहेच. नानावटी खटल्यात आरोपीने तोच मागितला आणि प्रक्षोभ व खून यांच्या मधे जवळपास तीन तास गेले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. अपवाद असूनही त्याचा बाजार झाला नाही. निरोगी माणसाच्या रागाला सवलत आणि आजारी माणसाच्या आजाराला नाही, याचे समर्थन मला कुठेच सापडत नाही. मृताच्या नातेवाइकांचा आक्षेप याहून जड आहे. त्यांचे माणूस परत येत नाही. पण मधली पायरी म्हणजे सुटका नव्हे. सदोष मनुष्यवधालाही न्याय संहितेच्या कलम 105 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येते. त्या मर्यादेत किती, हे न्यायाधीशाने डॉक्टरांची साक्ष तोलून ठरवायचे. त्यासाठी कलम 101 मधल्या पाच अपवादांना सहावा जोडावा लागेल, आणि ते काम संसदेचे आहे.