जुन्या संगणकाला ग्राफिक्स कार्ड

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक काटकसरीतूनच घेतला जातो. तो जुना झाला म्हणून टाकून देणे कोणासही परवडणारे नाही. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम करणारे ग्राफिक्स कार्ड बसवून त्याचा उपयोग वाढविता येतो. मात्र खरेदीपूर्वी नेमकी गरज ओळखणे अगत्याचे आहे.

हिशेब वा टंकलेखन संथ झाले असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा असतो. तेथे एसएसडी उपयोगी पडते, कार्ड नव्हे. त्रिमितीय आराखडे किंवा खेळ यांसाठी मात्र कार्ड हवे.

मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कमाल ७५ वॅट वीज मिळते. २०१७ साली आलेल्या जीटी १०३० कार्डास सुमारे ३० वॅट पुरतात. त्यास निराळी वीजजोडणी लागत नाही. कॅबिनेट अरुंद असल्यास कमी उंचीचे कार्ड घ्यावे. याच नावाने २०१८ साली डीडीआर४ मेमरीचेही कार्ड आले. त्यातील माहितीच्या देवाणघेवाणीची क्षमता मूळ जीडीडीआर५ कार्डाच्या सुमारे एकतृतीयांशच आहे. म्हणून खोक्यावरील मेमरीचा प्रकार वाचूनच दाम मोजावेत. कष्टाच्या पैशाचे चीज व्हावयाचे, तर एवढी दक्षता हवीच.