रुंद पाय, लांब बूट: माझी 450 युरोची चूक

हेडफोन लावा आणि जमलं तर चप्पल काढून बसा, कारण आजचा अख्खा भाग पायांबद्दल आहे.

स्की टूरिंगवर एकदा बोललो होतो, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय: बूट कुठले घेऊ? विचारणाऱ्यांत म्युनिक-स्टुटगार्टवाले आहेत, डेन्व्हरची एक मुलगी आहे, गुलमर्गला कोर्स करून आलेले पुण्याचे दोघं आहेत. सगळ्यांना मॉडेलचं नाव हवंय. आणि मी आज एकाही मॉडेलचं नाव सांगणार नाहीये. माझा पाय तुमच्या बुटात जात नाही, इतकं साधं कारण आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्की टूरिंग म्हणजे लिफ्ट नाही, तयार केलेला उतार नाही. स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची पट्टी चिकटवायची, ती पुढे सरकते आणि मागे अडते, आणि आपल्या पायांनी डोंगर चढायचा. वर पोचलात की स्किन काढायची, बुटाची टाच बाइंडिंगमध्ये लॉक करायची आणि खाली यायचं. चढताना बूट फक्त चवड्यापाशी, दोन बारीक पिनांवर पकडलेला असतो आणि टाच मोकळी असते. ही पिनांची कल्पना 1980च्या दशकात फ्रिट्झ बार्थेल नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने काढली, त्याला जड सामान वर न्यायचा कंटाळा होता म्हणे. आळशी इंजिनिअर चांगला असतो, हे आपल्याला माहीतच आहे.

म्हणजे एकाच बुटाला दोन उलटी कामं आहेत. चढताना तो ट्रेकिंगच्या बुटासारखा हलायला हवा, उतरताना पायाला सिमेंटमध्ये बसवल्यासारखा धरायला हवा. बाहेरून कडक प्लॅस्टिकचं शेल, आत मऊ लायनर. यातलं शेल महत्त्वाचं, आणि दुकानात आपल्याला जाणवतं ते लायनर. सगळा घोळ इथेच होतो.

आता माझी गोष्ट. माझा चवडा रुंद आहे. लहानपण चपलांत आणि अनवाणी गेलं, शाळेचे बूट फक्त शाळेपुरते. 2009 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळले होते. तो वाचून मला एकदम ओळखीचं वाटलं. तर, आयुष्यभर मी काय केलं? बूट बाजूने आवळला की एक नंबर मोठा घ्यायचा. आईने दुकानात शिकवलेलं, "जरा मोठेच घे, पाय वाढतील." पाय वाढायचे थांबून दहा वर्षं झाली, सवय तशीच राहिली.

म्युनिकला आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात ऑनलाइन सेलमध्ये टूरिंगचे बूट दिसले, 450 युरो. रनिंगचे बूट मी 9 नंबरचे घालतो, त्यावरून 28 काढलं, आणि रुंदीसाठी म्हणून 28.5 घेतलं. घरी घातले तर काय सुख! बोटं मोकळी, कुठे काही टोचत नाही. बायको म्हणाली, "अरे, तू आत चालतोयस आणि बूट वेगळा चालतोय." मी म्हटलं, दोन मोजे घालीन.

मार्चमध्ये आम्ही पाच जण टिरोलमध्ये सेलरेन खोऱ्यात गेलो, प्राक्समार गावातून लाम्पसेनस्पिट्झेवर. साधारण 1200 मीटरची चढाई, वाट प्रसिद्ध आणि फार अवघड नाही. पहिल्या तासाभरात टाच गरम लागायला लागली. प्रत्येक पावलाला टाच आत वर उचलली जायची आणि परत आपटायची. चढाईत अशी हजारो पावलं असतात. दुसऱ्या तासाला फोड, तिसऱ्या तासाला फोड फुटलेला. मी बोललो नाही. सगळ्यांत मोठी चूक ही. ग्रुपमध्ये मीच नवखा, कशाला रडायचं? मग वेग कमी झाला, उशीर झाला. मार्चमध्ये उशीर म्हणजे ऊन, आणि ऊन लागलेल्या उतारावर ओल्या बर्फाचा हिमस्खलनाचा धोका दुपारकडे वाढत जातो. शिखर साधारण 300 मीटर राहिलेलं असताना आमच्यातली सगळ्यांत अनुभवी मैत्रीण थांबली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "इथून परत." कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

उतरताना दुसरी बाजू कळली. मी गुडघा वळवायचो, पाय बुटात वळायचा, आणि स्की थोड्या वेळाने ठरवायची की आपणही वळू या. लॅग म्हणतो ना आपण, तसं. मग मी वरचं बकल जीव खाऊन आवळलं, तर पाऊल बधिर झालं. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, त्यातलं एक पुढे गळून गेलं. बूट मोठा असून नखं काळी कशी? पाय मागे कुणी धरतच नव्हतं, म्हणून प्रत्येक वळणाला तो पुढे सरकून शेलवर आपटत होता.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये एका बूट-फिटरकडे गेलो. साठीचे गृहस्थ, हात लोहारासारखे. त्यांनी माझे बूट हातात घेतले, लायनर बाहेर ओढलं आणि नुसत्या शेलमध्ये पाय घालायला सांगितला. पाय पुढे सरकवा, बोटं समोर हलकी टेकू द्या, आता टाचेच्या मागे किती जागा आहे बघू. त्यांची दोन बोटं आरामात गेली, वर जागा उरली. तीन सेंटिमीटरहून जास्त.

याला शेल टेस्ट म्हणतात. आजच्या भागातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. टूरिंगसाठी मागे साधारण एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. लांब लांब चालणारे काही जण दोनपर्यंत जातात. त्याच्या पुढे गेलात तर कुठलाही मोजा, कुठलंही पॅडिंग तुम्हाला वाचवणार नाही. लायनर नवं असताना फुगलेलं असतं, खोटं बोलतं; आठ-दहा दिवस वापरलं की दबतं आणि खरी जागा उघडी पडते. शेल खोटं बोलत नाही.

मग त्यांनी पाय मोजला. हे तुम्ही घरी करू शकता. भिंतीला टाच लावायची, खाली कागद, सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये. स्की बुटांचा नंबर हाच असतो, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात, 26.5 म्हणजे साडेसव्वीस सेंटिमीटरचा पाय. यूके-युरो चार्टच्या भानगडीत पडायचंच नाही. पण दोनदा मोजा, एकदा बसून आणि एकदा त्या पायावर पूर्ण वजन टाकून. माझा पाय बसून 26.3 आणि उभा राहून 26.8 आला. दोन्ही वेळा मोजायचं कोणी सांगत नाही, आणि मला यातच सगळ्यांत जास्त मजा वाटते. वजन पडल्यावर माझी कमान खाली बसते, पाय लांब होतो आणि रुंदही होतो. म्हणजे मी ज्याला 'माझा रुंद पाय' म्हणत होतो, त्यातली थोडी रुंदी ही कोसळलेली कमान होती. कमानीला आधार देणारा इनसोल घातला की पाय थोडा आखडतो, आणि बूट न बदलता जागा होते. म्हणून सपाट पायवाल्यांनी क्रम उलटा करू नका: आधी इनसोल, मग बूट ट्राय करायचा.

फिटरकाकांनी समोर 26.5 ठेवला. मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे, हा दोन नंबर लहान आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं, "लांबी प्लॅस्टिकमध्ये वाढवता येते थोडीशी, रुंदी बरीच वाढवता येते. पण मोठा बूट लहान करता येत नाही."

रुंदीचा आकडा कंपनी देते, त्याला लास्ट म्हणतात, मिलिमीटरमध्ये. टूरिंगमध्ये साधारण 98 ते 103 दिसतात. पण तो आकडा सहसा 26.5 या एका मापाचा असतो. नंबर वाढला की शेलही रुंद होतं, साधारण एका नंबराला दोन मिलिमीटर. म्हणजे 28.5 मध्ये मला रुंदी खरंच मिळाली होती, पण चार मिलिमीटर रुंदीसाठी मी वीस मिलिमीटर लांबी विकत घेतली. असा सौदा मंडईत कोणी केला असता तर आपण हसलो असतो. शिवाय आकडा फक्त चवड्याची रुंदी सांगतो. 100चे दोन बूट घाला, एक हातमोज्यासारखा बसेल, दुसरा पायाच्या वरच्या उंचवट्यावर असा दाबेल की पाच मिनिटांत मुंग्या.

त्या उंचवट्याबद्दल सांगतो, कारण मेसेजमध्ये चार जणांनी 'पाय बधिर होतो' लिहिलंय आणि सगळ्यांना वाटतंय बूट अरुंद आहे. पावलाच्या वरच्या बाजूने नसा आणि रक्तवाहिनी जाते. तुमचं पाऊल तिथे उंच असेल तर आतमध्ये उंची कमी पडते, आणि चवड्याची रुंदी कितीही वाढवली तरी बधिरपणा जात नाही. आधी घरी करून बघा: मधलं बकल अगदी सैल ठेवून दहा मिनिटं उभे राहा. बरं वाटलं तर अडचण उंचीची आहे. मग जास्त खोल शेल बघा.

बायकोचं सगळं माझ्या उलट. 23.5, टाच अगदी निमुळती, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. तिला दुकानात प्रत्येक बूट 'कम्फर्टेबल' वाटत होता, कारण पाय त्यात तरंगत होता. तिच्यासाठी कसोटी वेगळी: बकल लावून पुढे वाका, कोणीतरी बुटाची टाच जमिनीवर दाबून धरा, आता टाच वर उचलायचा प्रयत्न करा. उचलली गेली तर पुढचा बूट. दुसरं बोट लांब असेल तर मोजताना तेच बोट धरायचं, अंगठा नाही. आणि लायनर तापवताना त्या बोटासाठी जागा करून घ्यायची. बायकांच्या मॉडेलमध्ये कफ सहसा थोडा खाली संपतो, कारण पोटरी खालपर्यंत येते. ज्याची पोटरी खाली आहे त्या पुरुषानेही हे तपासावं, लाज कसली.

लायनर तापवणं म्हणजे काय? आजकाल बहुतेक टूरिंगची लायनरं उष्णतेने आकार घेणाऱ्या फोमची असतात. ओव्हनमध्ये गरम करतात, तुमच्या बोटांवर टोपी आणि हाडं जिथे टोचतात तिथे पॅड चिकटवतात, मग गरम लायनरमध्ये पाय घालून बकल लावून गप्प उभं राहायचं. थंड झालं की त्या पॅडांची जागा तयार. दुकानातच करा, घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग नको. तेवढ्याने भागलं नाही तर शेल पंच करतात: त्या जागी प्लॅस्टिक गरम करून आतून दाबून फुगवतात. पेबॅक्स त्यातल्या त्यात ऐकतं. ग्रिलामिड हट्टी, थोडं परत येतं. कार्बन मिसळलेलं हलकं शेल फारसं ताणतच नाही. म्हणून ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं आहे त्यांनी सगळ्यात हलक्या बुटाचा मोह टाळावा. आणि पुढच्या पिनांसाठी शेलमध्ये धातूच्या खोबणी बसवलेल्या असतात, त्यांच्या अगदी जवळ पंच करता येत नाही, हेही आधी विचारून घ्या.

छोट्या गोष्टी पटापट. दुपारनंतर जा, पाय थोडे सुजलेले असतात. एकच पातळ लोकरीचा मोजा. उभं राहिल्यावर बोटं पुढे स्पर्श करतील, घाबरू नका. गुडघे वाकवून पुढे झुकलात की टाच मागे बसते आणि बोटं सुटली पाहिजेत. अर्धा तास बूट काढू नका, वॉक मोड उघडून दुकानाचा जिना चढा. अर्ध्या नंबरावर वाद घालू नका, बहुतेक कंपन्यांत 26 आणि 26.5 चं शेल एकच असतं, फरक आतला. टाचेच्या बाजूला सोलची लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, तो आकडा सारखा तर शेल सारखं. तोच आकडा बदलला तर बाइंडिंग पुन्हा बसवून घ्यावं लागतं, त्याचा खर्च धरा. गुलमर्गला भाड्याने घेणाऱ्यांनो, तिथे शेल पंच कोणी करून देणार नाही, पण सेंटिमीटरमधलं माप सांगणं आणि लायनर काढून बघणं फुकट आहे.

माझं काय झालं? 26.5 घेतले. पहिले पंधरा मिनिटं मला वाटलं माणूस मला फसवतोय. इनसोल, लायनर तापवणं, करंगळीच्या बाजूला एक पंच. सगळं मिळून पहिल्या बुटांपेक्षा बरंच महाग पडलं, आणि पहिले बूट निम्म्या किमतीत विकले. विकताना मी घेणाऱ्या मुलाला पाय मोजायला लावला. त्याचा 28.2 होता, तो खूश.

फेब्रुवारीत परत प्राक्समारला गेलो, तेच पाच जण. वर पोचलो. डाव्या पायाला, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड असतं तिथे अजून टोचतं, त्यामुळे पुढच्या शनिवारी दुसऱ्या पंचची अपॉइंटमेंट आहे. बायको सोबत येणारे, तिला माझं ओरडणं ऐकायचंय.

तुमची मापं पाठवा, बसून आणि उभं राहून, दोन्ही. भेटू पुढच्या भागात.