पैज कुठं चालते, कुठं नाही



पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो-कांद्याची पट्टी हातात आली, की आपण खत, मजुरी, शाळेची फी असा हिशोब मांडतो. क्रिकेटचा सट्टा नेमका त्याच पैशाला पाय फोडतो. म्हणून आज कायदा समजून घेऊ.

"मोबाईलवर चालतं, म्हणजे कायदेशीरच असणार," असं पोरं सांगतात. तसं नाही बरं का! आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यात पैजेला सूट आहे ती घोड्यांच्या शर्यतीसाठी. तीसुद्धा मुंबईचं महालक्ष्मी किंवा पुणे अशा परवाना असलेल्या रेसकोर्सवर, सरकारनं मान्य केलेल्या जागेतच. घोड्यांच्या शर्यतीत कसब लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं. या पैजेवर जीएसटीही भरावा लागतो.

क्रिकेटला अशी सूट नाही. आयपीएलचा सट्टा घेणारा बुकी बेकायदाच. अड्ड्यावर खेळताना सापडलेल्यालाही शिक्षा होते.

मग मोबाईलचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली; रमी असो वा क्रिकेटची टीम लावणं. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला मात्र या नव्या कायद्यात शिक्षा नाही. तेव्हा घरातलं कुणी अडकलं असेल, तर लपवू नका.

आता उधारीचं. १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. सट्ट्यात हरलेले पैसे बुकी कोर्टातून वसूल करू शकत नाही. तो दारात येऊन दमदाटी करू लागला, तर ११२ ला फोन करा. भीतीपोटी मंगळसूत्र गहाण टाकू नका, गटाचं कर्जही उचलू नका.

सट्ट्यापायी कुणी विनापरवाना सावकाराकडून पैसे घेतले असतील, तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात, लेखी तक्रार द्या. ऑनलाइन फसवणूक झाली असेल, तर लगेच १९३० ला कळवा. जितका उशीर, तितका पैसा पुढं सरकतो. बँकेचे मेसेज पुसू नका, तोच पुरावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. आणि ज्या बाईच्या घरी हे चाललंय, तिला नावं ठेवू नका. तिच्यासोबत चौकीपर्यंत चला.