गाणं आपलं, फोन आपला, नियम कुणाचे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात क्लबहाउसमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला कमिटीने सांगितलं होतं, ‘काका, पंचवीस वर्षांत काय काय बदललं यावर बोला, जरा हलकंफुलकं.’ माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असावा. हलकंफुलकं किती जमेल सांगता येत नाही, कारण मी आज तक्रार करायला उभा आहे. जेवण साडेआठला आहे हे माझ्या लक्षात आहे.

२००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा निम्म्या घरांत फोन नव्हता. ज्यांच्याकडे मोबाइल होता ते वाजला की कट करायचे, कारण आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. ते २००३ साली थांबलं. आज घरटी चार फोन आहेत. तेव्हा सरकारने काहीच चांगलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली, तो निर्णय फार मोलाचा होता. त्याआधी लोकांनी ट्रायला दहा लाखांवर ई-मेल पाठवल्या होत्या. आपल्या ए विंगमधल्या मुलांनीही पाठवल्या होत्या, मला दाखवल्या होत्या.

पण ट्रायचा एक मोठा गैरसमज लोकांच्या मनात आहे. तुमचं बिल चुकलं, नेट बंद पडलं, तर ट्रायकडे जाता येईल असं वाटतं. तसं नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार चालवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करायची, नंबर घ्यायचा, समाधान झालं नाही तर अपील करायचं. अपील कुणाकडे? त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे! सुनेची तक्रार सासूकडे आणि सासूबद्दलचं अपीलही सासूकडेच. मग ग्राहक न्यायालयात जावं म्हटलं, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टेलिफोनचे वाद तार कायद्याखालच्या लवादाकडे न्या. तो रस्ता पुन्हा मोकळा व्हायला २०२२ साल उजाडलं. तेरा वर्षं. आणि तार कायदा कधीचा? १८८५ चा! त्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संसदेत मंजूर झाला २०२३ च्या डिसेंबरमध्ये. हे १८८५ साल जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डी विंगवाल्यांचं दुखणं. ती विंग नंतर झाली आणि बिल्डरने एका इंटरनेट कंपनीशी परस्पर करार केला. दुसऱ्या कुठल्याही कंपनीची वायर डक्टमधून वर जाऊ देईनात. करारावर सही बिल्डरची, डक्ट आपली, मेंटेनन्स आपण भरणार, आणि पावसात नेट गेलं की तीन-तीन दिवस मुलांचे क्लास बंद. दोन वर्षं आपल्या सेक्रेटरींनी पत्रं लिहिली, फाइल बघा कधी, केवढी जाड झाली आहे. इमारतीत एकाच कंपनीची मक्तेदारी असू नये, हे ट्रायने २०१७ च्या जानेवारीतच सरकारला सांगितलं होतं. पण ती शिफारस होती. शिफारस म्हणजे काय हे वार्षिक सभेला येणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र नियम आले, ते इमारतींना जोडणीसाठी तारांकन देण्याचे. हॉटेलला देतात तसे तारे. तारे मिळतील तेव्हा मिळोत, डी विंगला दुसरी वायर मिळाली ती सर्वसाधारण सभेने ठराव करून, डक्टच्या दाराला सोसायटीचं कुलूप लावल्यावर.

एसएमएसचं तर हसूच येतं. पाण्याची टाकी धुणार आहे, दुपारी पाणी येणार नाही, एवढा निरोप दोनशे घरांना एकगठ्ठा पाठवायचा होता. आजी-आजोबांकडे साधे फोन आहेत, त्यांना व्हॉट्सअॅप नाही. चौकशी केली तर कळलं, २०१८ च्या नियमांनुसार आधी संस्थेची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं सांकेतिक नाव मंजूर करून घ्यायचं, मग मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा, आणि मंजूर साच्याबाहेर गेलात की निरोप अडलाच. टाकी धुण्याचा साचा! शेवटी वॉचमनला घरोघर पाठवलं. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, जाहिरातींचा त्रास थांबावा. पण कर्ज हवंय का विचारणारी बाई मला रोज दुपारी झोपेतून उठवते, डीएनडीला नाव घालूनसुद्धा. नियम पाळणाऱ्याची वाट अडते, न पाळणारा नवा नंबर घेऊन मोकळा होतो.

आता ज्यासाठी खरं म्हणजे मी उभा राहिलो, त्या गाण्यांकडे येतो.

रौप्यमहोत्सवाचं ठरलं आणि आपल्या सांस्कृतिक समितीला फोन आला की गाणी वाजवणार असाल तर लायसन्स घ्या, नाहीतर कारवाई होईल. फोन कुणाचा ते सोडा. समितीतल्या मुली घाबरल्या, कार्यक्रम रद्द करायचं म्हणू लागल्या. मी कायदा काढून बसलो. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ५२. कशाला परवानगी लागत नाही याची ती यादी आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय, निवासी जागेतल्या रहिवाशांच्या सामायिक वापराच्या बंदिस्त हॉलमध्ये, रहिवाशांसाठीची सोय म्हणून ध्वनिमुद्रण वाजवलं तर तो भंग नाही. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमातही नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक-गाणं केलं तरी नाही. धार्मिक विधीत नाही, आणि लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही त्यातच धरलेत.

इतकं स्वच्छ आहे, तरी फोन येतातच. लग्नांबद्दल तर केंद्र सरकारला २०२३ च्या जुलैमध्ये जाहीर सूचना काढावी लागली. गोवा सरकारने २०२४ च्या जानेवारीत तसंच परिपत्रक काढलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. म्हणजे कलम जागेवर आहे, पण हॉलवाल्याने, बँडवाल्याने, नवऱ्यामुलाच्या बापाने नक्की काय समजायचं? आपल्याकडेही प्रश्न आहेतच. क्लबहाउस बंदिस्त, ठीक. गणपतीचा मांडव पार्किंगमध्ये, तीन बाजूंनी कापड, तो बंदिस्त की उघडा? गणपती आहे म्हणून धार्मिक, पण तिथेच रात्री अंताक्षरी झाली तर?

कुणी असं समजू नका की मी कवी-गायकांच्या हक्काच्या विरोधात आहे. २०१२ साली कायदा बदलला आणि सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा हक्काने मिळू लागला, ते फार आधी व्हायला हवं होतं. या स्मरणिकेत एका आवडत्या भावगीताच्या चार ओळी छापायच्या होत्या, संपादकांनी परवानगीशिवाय छापल्या नाहीत, ते मला पटलं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. गदिमा १९७७ ला गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरीपर्यंत आहे. हिशेब सरळ आहे, माणसाला कळतो.

यंत्राला कळत नाही. आपल्या बी विंगमधल्या काकू २०११ च्या गणेशोत्सवात ‘संगीत सौभद्र’मधलं एक पद गायल्या होत्या, तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पेटीवर त्यांचेच यजमान होते. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यांची मुलगी परदेशात आहे, तिला पाहता यावं म्हणून समितीने तो व्हिडिओ इंटरनेटवर चढवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काकूंचे ओठ हलताहेत आणि आवाज नाही. कारण, म्हणे, हा आवाज एका कंपनीच्या मालकीचा आहे. सौभद्र रंगभूमीवर आलं १८८२ साली. अण्णासाहेब किर्लोस्कर वारले १८८५ साली, म्हणजे तार कायदा आला त्याच वर्षी! शब्द केव्हाचे मोकळे, आवाज काकूंचा, पेटी काकांची, कॅमेरा आपला. कुठल्या तरी रेकॉर्डशी सूर जुळले एवढ्यावर यंत्राने तोंड बंद केलं.

आम्ही हरकत घेतली. हरकतीवर निर्णय कुणी दिला? दावा करणाऱ्यानेच. हरकत नामंजूर. आपल्या कायद्यात अशा वेळी लेखी तक्रार लागते, आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर मजकूर परत दाखवता येतो. पण यंत्र कायद्याखाली चालत नाही, त्या संकेतस्थळाच्या अटींवर चालतं, ज्या आपण न वाचता मान्य केलेल्या असतात. काका तेव्हापासून मला भेटले की एवढंच विचारतात, ‘आवाज आला का हो?’

पुढच्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. कलम ५२ चा मराठी मजकूर नोटीस बोर्डावर काचेच्या आत लावायचा, म्हणजे पुन्हा फोन आला तर समितीतल्या मुली वाचून दाखवतील. आणि आपल्या पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमांची मूळ रेकॉर्डिंग सोसायटीच्या कपाटात, दोन प्रतींत ठेवायची, कुठल्याही संकेतस्थळाच्या भरवशावर नाही. अनुमोदक हवा आहे.

काकूंची मूळ टेप समितीला सापडली आहे आणि मुलांनी ती साफ करून पेन ड्राइव्हवर घेतली आहे. एक प्रत मुलीला पाठवली. दुसरी इथे आहे. काका पुढच्या रांगेत बसलेत. पद चार मिनिटांचं आहे आणि साडेआठला अजून सहा मिनिटं आहेत. परवानगीची गरज नाही, पण कुणी विचारलंच तर हॉल बंदिस्त आहे. मागची दारं तेवढी लावून घ्या.