घरपट्टी, बंब आणि रुग्णवाहिका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आगीच्या बंबाचे अर्थशास्त्र गिरणीतल्या यंत्राच्या अर्थशास्त्राहून अगदी वेगळे आहे. यंत्र जितके चालेल तितकी त्याची किंमत वसूल होते. बंब मात्र उभ्या उभ्याच आपले काम करीत असतो. ज्या दिवशी तो केंद्राबाहेर पडत नाही, त्या दिवशीही त्याच्यावर माणसे सज्ज असावी लागतात. एका बंबावर ६ माणसे धरली, तर ३ पाळ्यांना १८ माणसे लागतात. साप्ताहिक सुट्टी धरली की ती २१ होतात आणि रजा, आजारपण व प्रशिक्षण यांचा विचार केला की २४ च्या घरात जातात. महिन्यात २ आगी लागोत की २०, हा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. रुग्णवाहिकेचीही गोष्ट हीच. म्हणजे या सेवांच्या बाबतीत समाज ज्यासाठी पैसे मोजतो ती वस्तू आहे सज्जता. आणि सज्जतेचा लाभ सारे गाव एकाच वेळी घेत असते. ज्याने बंब कधी बोलावला नाही त्यालाही तो लाभ मिळालेलाच असतो. यास्तव ‘जो वापरील त्याने दाम मोजावे’ हा बाजाराचा नियम येथे मुळातच लागू पडत नाही.

हे सत्य जगाला सहजासहजी कळलेले नाही. १६६६ साली लंडन शहर जळाले आणि त्यानंतर आगीच्या विम्याचा धंदा तेथे उभा राहिला. विमा कंपन्यांनी आपापली अग्निशामक पथके ठेवली; पुढे १८३३ साली ती एकत्र केली. परंतु पथकांचा उद्देश अखेर कंपनीची जोखीम कमी करणे हाच होता. १८६१ साली टेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीटवरील गोदामांना प्रचंड आग लागली. पथकाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड कोसळत्या भिंतीखाली ठार झाला, कंपन्यांना जबर नुकसान सोसावे लागले आणि हा भार यापुढे आम्हांला पेलणार नाही, असे त्यांनी सरकारला कळविले. तेव्हा १८६५ च्या कायद्याने लंडनचे अग्निशामक दल सार्वजनिक झाले. त्याच्या खर्चासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे अर्ध्या पेनीची पट्टी बसविण्यात आली. विमा कंपन्यांकडून आणि सरकारकडूनही वाटा घेण्यात आला. नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवस्थेने अंग काढून घेतले, तेव्हाच समाजाने ती जबाबदारी उचलली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून द्यावी, असेही नाही. २०१० साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात साउथ फुल्टन या छोट्या शहराचे अग्निशामक दल शहराबाहेरच्या घरांना ७५ डॉलर वार्षिक वर्गणीवर सेवा देत असे. एका कुटुंबाची वर्गणी भरावयाची राहिली होती. त्याच्या घराला आग लागली. बंब आला, पण तो वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याचे रान वाचविण्यासाठी! पाणी होते, माणसे होती, घर डोळ्यांदेखत जळत होते आणि नियमाप्रमाणे ते जळू देण्यात आले. तेथल्या जवानांना दोष देण्यात अर्थ नाही. सेवा वर्गणीवर चालवावयाची, तर वर्गणी न भरणाऱ्याला ती नाकारणे हे त्या व्यवस्थेच्या तर्काला धरूनच आहे. कर आणि वर्गणी यांतील भेद शिकविण्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर कायद्याने फार पूर्वी दिलेले आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात अग्निशामक दल ठेवणे हे पालिकेचे कर्तव्य ठरविले गेले आणि त्याच्या खर्चासाठी मालमत्ता करात सर्वसाधारण कराला जोडून एक स्वतंत्र हिस्सा सांगितला गेला. या योजनेमागचे तत्त्व सरळ आहे. आगीपासून जे वाचते ते मुख्यतः घर, दुकान, गोदाम. म्हणून ज्याची मालमत्ता मोठी त्याने अधिक द्यावे. शिवाय शहरातील जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढत नाही. रस्ता, पाणी, रेल्वे आणि लक्षावधी श्रमिकांची वस्ती यांनी ती वाढते. समाजाने निर्माण केलेल्या या मूल्याचा अल्पसा अंश समाजाच्या रक्षणासाठी परत घेणे यात अन्याय कसला?

तत्त्व चांगले असले, तरी त्याची हेळसांड दोन बाजूंनी झाली. करपात्र मूल्य घराच्या भाड्यावर ठरत असे आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळणे आवश्यकच होते. पण त्याबरोबर दक्षिण मुंबईतील मोक्याच्या इमारतींचा करही गोठला आणि उपनगरात नवे घर घेणारा तुलनेने अधिक कर भरू लागला. २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारलेली पद्धत आली. तिचे काही नियम न्यायालयात टिकले नाहीत आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. दुसरी बाजू जकातीची. जकात मुकाट्याने गोळा होई, म्हणून घरपट्टीची नीट आकारणी करण्याचे अप्रिय काम टाळणे पालिकांना सोयीचे पडले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली आणि तिच्या जागी राज्य सरकारकडून मिळणारी भरपाई आली. ज्या पालिकेचा हात स्वतःच्या तिजोरीत होता, तो सरकारपुढे पसरला जाऊ लागला. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालाप्रमाणे भारतातील महानगरपालिकांचा महसूल एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १ टक्क्यावर वर्षानुवर्षे थबकलेला आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ७.४ टक्के आणि दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. ज्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकाने नगरपालिकांच्या विषयांत समाविष्ट झाली, त्या घटनेने कर्तव्य सोपविले. द्रव्याची सोय मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिली.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण तो चळवळीच्या घरातला आहे. घरपट्टीवाढीविरुद्ध मोर्चा काढणे हा डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांचा जुना कार्यक्रम आहे आणि पुष्कळदा तो न्याय्यही होता. परंतु करमाफीची मागणी ही आपोआप गरिबांची मागणी ठरत नाही. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला. चाळीतल्या आणि पुनर्वसन इमारतींतल्या श्रमिकाला सूट मिळाली, याचा आनंदच आहे. पण जो महसूल बुडाला तो मोठ्या सदनिकांकडून, रिकाम्या ठेवलेल्या आलिशान घरांकडून आणि व्यापारी संकुलांकडून भरून काढण्याचा आग्रह किती पक्षांनी धरला? तो धरला नाही, तर माफीची किंमत अखेर दुसऱ्या कोठून तरी वसूल होते.

ती कशी वसूल होते, हे कॅलिफोर्नियाने दाखविले आहे. १९७८ साली तेथे मतदारांनी मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि आकारणीतील वार्षिक वाढ २ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे ठरविले. प्रचारात पुढे केला गेला तो वृद्ध घरमालक; पण त्याच सवलतीत कंपन्यांच्या कचेऱ्या आणि कारखानेही आले. मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. पुढे राज्याने उरलेल्या उत्पन्नातील मोठा वाटा शाळांकडे वळविला आणि पोलीस व अग्निशामक दलांसाठी १९९३ साली अर्धा टक्का जादा विक्रीकर बसविण्यात आला. म्हणजे मालमत्तेवरचा भार उतरला आणि साबण, कपडे, भांडी विकत घेणाऱ्याच्या डोक्यावर चढला. कर नाहीसा होत नाही. तो फक्त खांदा बदलतो. कोणाच्या खांद्यावरून कोणाच्या खांद्यावर, एवढाच प्रश्न असतो, आणि तोच समाजवाद्याचा प्रश्न आहे.

रुग्णवाहिकेची स्थिती याहून नाजूक आहे. बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्याचा उल्लेख आहे, तातडीच्या वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र उल्लेख नाही. ‘१०८’ ची सेवा २००५ साली हैदराबादेत एका उद्योगपतीच्या पुढाकाराने सुरू झाली. २००९ च्या जानेवारीत त्याच्या कंपनीचा हिशेबातील घोटाळा उघडकीस आला आणि त्या सेवेचा कारभार दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला. सेवा टिकली, हे सुदैव. पण माणसाचा जीव कंपनीच्या ताळेबंदाला टांगून ठेवावा काय? महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी हीच सेवा सुरू झाली. ती सरकारी पैशाने आणि खासगी कंत्राटदाराकडून चालविली गेली. तिने असंख्य जीव वाचविले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि आपल्या गावात गाडी कोठे उभी असते, पोहोचावयास किती वेळ लागतो, हे विचारण्याचा अधिकार स्थानिक लोकप्रतिनिधीला असल्यासारखा दिसत नाही. कारण पैसा स्थानिक नाही आणि कंत्राटही स्थानिक नाही. जेथून पैसा येतो तेथेच उत्तरदायित्व जाते.

आणि खेड्यांचे काय? पंचायतींना ज्या २९ विषयांची अकरावी अनुसूची दिली, तीत अग्निशमन सेवेचे नावच नाही. उसाचा फड पेटला, गंजी पेटली, वाडीतली घरे पेटली, तर तालुक्याच्या नगरपालिकेचा किंवा औद्योगिक वसाहतीचा बंब येईपर्यंत कळशी आणि घागर हीच यंत्रणा.

याची किंमत कोण मोजते, हे २०२१ या एकाच वर्षाने दाखविले. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. ६ नोव्हेंबरला तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. दर वेळी चौकशी समिती, मदतीची घोषणा आणि सर्व रुग्णालयांच्या तपासणीचा आदेश. पण तपासणी करणारी प्रशिक्षित माणसे आदेशातून निर्माण होत नाहीत. त्यांना बारमाही वेतन द्यावे लागते. जवानही याची किंमत मोजतात. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या आगीत अग्निशामक दलाचे ४ अधिकारी बळी पडले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांतले एक होते. केंद्र सरकारने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ते योग्यच झाले. पण असे अनुदान भांडवली खर्चाचे असते. अनुदानाने बंब मिळतो, बंबावरचा माणूस मिळत नाही. तो बारमाही उत्पन्नातूनच ठेवावा लागतो आणि घरपट्टीइतके स्थिर उत्पन्न पालिकेकडे दुसरे नाही.

हिशेब भयंकर नाही. समजा, एका गावात २०,००० मालमत्ता आहेत आणि एक अग्निशमन केंद्र व त्याला जोडलेल्या रुग्णवाहिका यांचा वार्षिक खर्च २ कोटी रुपये आहे. १२,००० लहान घरांनी वर्षाला २०० रुपये दिले तर २४ लाख होतात. ६,००० मध्यम घरांनी १,००० रुपये दिले तर ६० लाख. उरलेले १ कोटी १६ लाख २,००० बंगले, लॉज, गोदामे, मंगल कार्यालये आणि दुकाने यांच्यावर सरासरी ५,८०० रुपयांप्रमाणे येतात. लहान घराचा भार दिवसाला ५५ पैसे पडतो. खासगी रुग्णवाहिकेच्या एका खेपेला किती मोजावे लागतात, हे कोणत्याही झोपडपट्टीतील माणसाला विचारावे.

यावर तीन आक्षेप येतील आणि ते गंभीर आहेत. पहिला असा की, मालक हा कर भाडेकरूवर ढकलील. म्हणूनच लहान घरांचा दर नाममात्र ठेवावयाचा आणि भाड्यात किती वाढ करता येईल यावर कायद्याचे बंधन ठेवावयाचे. दुसरा आक्षेप असा की, पैसा बंबाच्या नावाने गोळा होईल आणि सुशोभीकरणात जाईल. ही भीती अनाठायी नाही. यास्तव अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष, स्वतंत्र निधी आणि दर वर्षी प्रभागसभेत त्याचा जाहीर हिशेब हवा. तिसरा आक्षेप सर्वांत मोलाचा आहे: श्रीमंत शहराची घरपट्टी मोठी, म्हणून त्याला चांगला बंब, गरीब गावाची घरपट्टी तुटपुंजी, म्हणून त्याला राख! स्थानिक करावर सर्व भिस्त ठेवली, तर विषमतेला कायद्याचा आधार मिळेल. म्हणून राज्याने समानीकरण निधी उभारला पाहिजे. प्रत्येक वस्तीला किमान किती वेळात बंब आणि रुग्णवाहिका पोहोचावी याचे एकच प्रमाण ठरवावे. गावाने आपल्या कुवतीप्रमाणे कर द्यावा आणि उणे पडेल ते राज्याने भरावे. अकराव्या अनुसूचीतली उणीवही घटनादुरुस्तीची वाट न पाहता राज्याच्या कायद्याने, काही ग्रामपंचायतींचे गट करून भरून काढता येण्यासारखी आहे.

कार्यकर्त्यांनी यापुढे ‘घरपट्टी रद्द करा’ या घोषणेपाशी थांबू नये. आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागवावे. अग्निशमनावर किती खर्च झाला, किती पदे रिकामी आहेत, बड्या थकबाकीदारांची यादी काय सांगते, हे पाहावे आणि ते आकडे घेऊन वस्तीवस्तीत जावे. लहान घराला सवलत, मोठ्या मालमत्तेवर चढता दर, पैशाचा जाहीर हिशेब आणि गरीब गावाला राज्याची हमी, या चार मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत. त्यांतली पहिली तेवढी उचलून उरलेल्या तीन सोडणे सोपे असते आणि आजवर सर्व पक्षांनी तेच केले. ज्याच्याजवळ विमा नाही, मोटार नाही, खासगी रुग्णालयाचे ओळखपत्र नाही, त्याच्याजवळ सार्वजनिक सेवेखेरीज काहीही नसते. त्याच्या दारी बंब वेळेवर यावा, असे ज्यांना वाटते, त्यांनी तो कोणाच्या पैशाने येणार, हेही उघडपणे सांगितले पाहिजे.