अशोकाच्या जागी कोण उभं आहे?

ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत सोसायटीच्या कुंपणाला खांबासारखी सरळसोट झाडं दिसतात ना, तो आसुपालव. त्याला अशोक समजून आपण निर्धास्त आहोत. सीता अशोक निराळा. पसरट, ओढ्याकाठच्या सावलीत रमणारा, वसंतात जुन्या खोडावरसुद्धा केशरी-लाल गुच्छ फुलवणारा. औषधासाठी साल ओरबाडून ओरबाडून रानातला हा अशोक विरळ झाला. धोक्यातल्या जिवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत 1998 साली त्याची नोंद 'असुरक्षित' अशी झाली.

त्याच यादीत, त्याच वर्गात आज ठाण्याजवळच्या आपल्या येऊरच्या रानातलं टोपी माकड आहे. डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस, शेपूट चांगलं लांब. भारतीय द्वीपकल्पाबाहेर हे माकड रानात कुठेच नाही. उत्तरेकडचं आखूड शेपटीचं ऱ्हीसस माकड तापी-गोदावरी ओलांडून त्याच्या मुलखात सरकतं आहे, आणि आपल्याला दोन्ही नुसती 'माकडं'!

माकड निदान खिडकीत येतं, मग वन खात्याला फोन जातो. झाडाची साल सोलली तर कुणाला फोन करता? पण दुखणं दोघांचं एकच. जागा भरलेली दिसते, म्हणून गेलेला कळत नाही.

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हे लगेच पटेल. डबा रोज गच्चच. खिडकीजवळचा नेहमीचा माणूस आला नाही तरी तिथे दुसरा बसतो, गर्दी तेवढीच. चुकचुकतं ते त्याच्या ग्रुपला, कारण ग्रुपला चेहरा ठाऊक असतो. चार दिवस दिसला नाही तर घरी फोन जातो. झाडांच्या बाबतीत आपण ग्रुपमधले नाही, दारात लटकणारे आहोत. हिरवं दिसलं, झालं!

म्हणून पुन्हा सांगते, जागा भरलेली आहे एवढ्यावर जाऊ नका, कोण उभं आहे ते बघा. सोसायटीच्या सभेत लिफ्टवर तासभर बोलता, पाच मिनिटं यावर बोला. रोपवाटिकेत सीता अशोक म्हणून मागा, पानं-फुलं बघून घ्या, अर्ध्या सावलीत लावा. बी मिळालं तर लगेच पेरा, ते फार दिवस टिकत नाही.

येऊरला माकडांपुढे बिस्किटं टाकणाऱ्यांशीही बोलायचं होतं. आज एवढंच, खायला घालू नका. कारणं पुष्कळ आहेत, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे.