ठिपक्याचं माप



खगोलशास्त्रावर बोलायला उभं राहिलं की श्रोत्यांची पहिली मागणी असते चित्राची. आज माझ्याकडे चित्र नाही. ज्या सक्रिय दीर्घिकांच्या अभ्यासात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यांचं केंद्र क्ष-किरण दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतं. पण त्या ठिपक्याचं माप घेता येतं, आणि ते घड्याळाने!

१९४३ साली कार्ल सीफर्ट यांनी सहा दीर्घिकांच्या केंद्रांचे वर्णपट तपासले. त्यांतल्या रेषा इतक्या रुंद होत्या, की तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत असला पाहिजे. पण त्याहून आत, केंद्रातल्या कृष्णविवराच्या अगदी लगत काय चाललंय, ते सांगतात क्ष-किरण. आणि आपलं वातावरण त्यांना जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणून वर जावं लागलं. १९७०च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळून ‘उहुरू’ उपग्रह सुटला, आणि एनजीसी ४१५१ सारख्या सीफर्ट दीर्घिका क्ष-किरणांतही तळपताना दिसल्या.

आता घड्याळाकडे येतो. एखादा उगम तासाभरात दुप्पट तेजस्वी होत असेल, तर प्रकाशाला तो ओलांडायला साधारण तासाहून जास्त वेळ लागत नसणार. प्रकाशाचा एक तास म्हणजे १०८ कोटी किलोमीटर. सूर्यापासून गुरूच्या पलीकडे, पण शनीच्या अलीकडे. एवढ्याशा जागेतून जे तेज बाहेर पडतं, ते भोवतालच्या अब्जावधी ताऱ्यांच्या तोडीचं असू शकतं. हे गणित मी शेकडो वेळा फळ्यावर मांडलं असेल. मांडताना आजही खडू क्षणभर थांबतो.

‘एक्सएमएम-न्यूटन’ या क्ष-किरण दुर्बिणीने १एच ०७०७-४९५ या दीर्घिकेत याहून बारीक गोष्ट टिपली. कृष्णविवराजवळच्या तप्त ढगातून निघालेले क्ष-किरण काही थेट आपल्याकडे येतात, काही विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीवर आपटून येतात. आपटून येणारे सुमारे ३० सेकंद उशिरा पोहोचले. २००९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रतिध्वनी मला कोणत्याही चित्राहून मोलाचा वाटतो. ३० सेकंद म्हणजे ९० लाख किलोमीटर: करोडो प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं अंतर!

आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाकडे मी याच नजरेने पाहतो. २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून तो गेला. त्याच्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीचे आरसे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले: सोन्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, एकात एक बसवलेले. क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर आत शिरतात. अगदी तिरके पडले तरच परततात. चपटा दगड तिरका भिरकावला तर पाण्यावरून टप्पे घेत जातो, उभा टाकला तर बुडतो, तसंच. याच उपग्रहावर अतिनील दुर्बीणही आहे. अतिनील प्रकाश मुख्यतः तबकडीचा, क्ष-किरण त्या ढगाचे. दोन्ही एकाच वेळी पाहिले, तरच आधी कोण बदललं आणि नंतर कोण, हे विचारता येतं.

अडचण कक्षेची आहे. ॲस्ट्रोसॅट जमिनीपासून सुमारे ६५० किलोमीटरवरून, शंभरेक मिनिटांत एक फेरी घालतो. बहुतेक फेऱ्यांत पृथ्वी मध्ये येते, दीर्घिका झाकली जाते आणि प्रकाशवक्रात, म्हणजे तेज वेळेनुसार कसं बदललं त्याच्या आलेखात, खिंडारं पडतात. उमेदवारीच्या काळात मी असल्या खिंडारांवरून सरळ रेघा ओढून आलेख माझ्या मार्गदर्शकांपुढे ठेवला होता. ते रागावले नाहीत. एका रेघेवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, “इथे तू पाहत होतास का?” त्या रात्री मी सगळ्या रेघा खोडल्या आणि विश्लेषण पहिल्यापासून केलं. हाती आलेला निष्कर्ष आधीच्यापेक्षा लहान होता, पण तो टिकला.

ॲस्ट्रोसॅटची जुनी निरीक्षणं आज सर्वांना खुली आहेत. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयातही, साधा संगणक आणि इंटरनेट असेल, तर ती उतरवून घेता येतात. दुपारच्या कार्यशाळेत आपण एका सीफर्ट दीर्घिकेचा प्रकाशवक्र काढणार आहोत. खिंडारं आहेत तशीच ठेवली आहेत. येताना वही-पेन्सिल घेऊन या. पहिला आलेख हातानेच काढायचा आहे.